मनाच्या दुखण्याचा समाचार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर विद्यावृद्धी, उद्योगधंदे, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर विचार मांडले गेले, आणि ते सारे अगत्याचेच होते. आज आम्ही निवडलेला विषय खरे म्हणजे सभेचा नव्हे. तो ओटीवर, आगगाडीच्या डब्यात किंवा सायंकाळी फिरावयास गेले असता दोघांत बोलण्याचा आहे. आपला एखादा मित्र मनाने खचला असेल, किंवा घरच्या माणसांच्या काळजीने आतून पोखरला जात असेल, तर आपण त्याच्यासाठी नेमके काय करावे, एवढाच प्रश्न आम्हांला आपणांपुढे ठेवावयाचा आहे. गुणवंतांचे सत्कार नुकतेच आटोपले आहेत आणि भोजनास अद्याप अवकाश आहे. तेव्हा एवढा वेळ आपण आम्हांस द्याल असा विश्वास आहे.

ज्या घरी मृत्यू घडतो त्या घरी काय करावे हे आपल्या समाजात कोणास शिकवावे लागत नाही. त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारची बाई न सांगता पिठले-भात रांधून नेते; त्याला आपण कडू घास म्हणतो. कोणी दूरच्या नातेवाइकांना कळविण्याचे काम अंगावर घेतो, कोणी स्मशानातील व्यवस्था पाहतो, कोणी लहान मुलांना आपल्या घरी नेऊन निजवितो. जाऊन काय बोलावे हेही ठरलेले आहे, आणि बहुधा काही बोलू नये, नुसते बसावे, हेच ठरलेले आहे. आमच्या मते पूर्वजांनी घालून दिलेल्या रीतींपैकी ही अत्यंत शहाणपणाची रीत होय; कारण शोकाने बधिर झालेल्या माणसाला ‘काय हवे’ असे विचारण्यात अर्थ नसतो, त्याचे काम आपणच उचलावयाचे असते, हे तिने ओळखले आहे.

परंतु ज्या घरातील तरुण मुलगा तीन महिने खोलीबाहेर पडलेला नाही, ज्या घरातील कर्ता पुरुष रात्रभर येरझारा घालतो, ज्या घरातील आजोबांना आपला मुलगा ओळखू येईनासा झाला आहे, त्या घरी कडू घास कोण नेतो? कोणीच नेत नाही. ते घर आपण टाळतो, आणि तेही आपल्याला टाळते. वाकडा अर्थ कोणी काढू नये. आपली माणसे निष्ठुर नाहीत. या दुखण्यासाठी रीतच पडलेली नाही, आणि रीत नसली म्हणजे भली माणसेही उंबरठ्याशी अडखळतात.

यावर कोणी म्हणेल की, आपली ज्ञाती लहान, सारे एकमेकांना ओळखतात. तेव्हा आपल्यात दुःख सांगावयास जागा अधिक असली पाहिजे. आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. आपण जवळ आहोत म्हणूनच बोलत नाही. मुंबईच्या अफाट गर्दीत एखादा माणूस शेजारच्या अनोळखी प्रवाशापाशी मन मोकळे करील, पण आपल्या मावसभावापाशी करणार नाही. कारण अनोळखी प्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून जातो आणि मावसभाऊ पुढच्या लग्नात भेटतो. ‘त्यांच्या घरात वेड आहे’ हे एक वाक्य एका मुलीचे चार स्थळांशी चाललेले बोलणे मोडावयास पुरते. ज्या मंडळाने वधूवर-सूचक मेळावे भरवावेत, त्याच्याच मांडवात हे वाक्य कुजबुजत फिरते. हे कटू आहे, पण ज्ञातीच्या वार्षिकात ते छापले जाणार नसेल तर दुसरीकडे कोठे छापावयाचे?

आमच्या पाहण्यातील दोन गृहस्थांची हकीकत सांगतो. दोघे एकाच बँकेत. डोंबिवलीहून चौदा वर्षे एकाच गाडीने जात-येत. एकमेकांच्या डब्यातील भाजी चाखावी इतका घरोबा. त्यांपैकी एकाचा धाकटा भाऊ ऐन पंचविशीत बदलला. त्याला आवाज ऐकू येत, खिडकीतून कोणी पाळत ठेवीत आहे असे वाटे. डॉक्टरी भाषेत त्याला स्किझोफ्रेनिया झाला होता. या गृहस्थांनी सहा वर्षे मित्राला सांगितले की, भाऊ गावी शेती पाहतो. सांगण्याचे कारण उघड होते. त्यांच्या मुलीचे स्थळ ज्या घरी पाहिले जात होते ते घर मित्राच्या पत्नीच्या माहेरच्या नात्यातले होते. चौदा वर्षांची मैत्री आणि सहा वर्षांचे असत्य शेजारी शेजारी बसून रोज प्रवास करीत होते, आणि त्या असत्याबद्दल त्या माणसाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. या हकीकतीचा पुढील भाग ओघाने येईल.

मराठी भाषेची एक गंमत येथे आठवते. आजाऱ्याच्या ‘समाचाराला जाणे’ म्हणजे त्याची विचारपूस करणे. पण एखाद्याचा ‘समाचार घेणे’ म्हणजे त्याला खडसावणे. मनाच्या दुखण्यात आपण जातो पहिल्यासाठी आणि करून येतो दुसरे. ‘अरे, मन घट्ट कर,’ ‘तुला काय कमी आहे?’, ‘अमक्याकडे पाहा, त्याच्यावर केवढे आकाश कोसळले, पण कसा हसतमुख असतो,’ ‘पहाटे उठून फिरावयास जात जा,’ अशी वाक्ये आपण सद्हेतूने बोलतो. ती ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एकच अर्थ उमटतो: हे दुखणे माझ्याच अपराधाने झाले आहे. ज्याचा पाय मोडला आहे त्याला कोणी ‘पाय घट्ट कर’ असे सांगत नाही. सल्ला देण्याची घाई होते याचे एक मानवी कारण आहे. दुसऱ्याचे दुःख नुसते ऐकत राहणे आपल्याला सोसवत नाही; सल्ला दिला की आपले काम झाले असे वाटते आणि उठून जाता येते. सल्ल्याने बहुधा देणाऱ्यालाच बरे वाटते.

नुसते ऐकण्यात किती सामर्थ्य असते याचे एक उदाहरण परदेशातील आहे, पण ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे म्हणून सांगतो. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका पाद्र्याने, आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांसाठी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनीची व भेटीची सोय केली. भेटीस येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली, म्हणून बाहेर थांबलेल्यांना चहा द्यावा, त्यांच्यापाशी बसावे, यासाठी काही सामान्य स्त्रीपुरुष स्वयंसेवक म्हणून येऊ लागले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात असे आले की, बाहेर चहा पीत त्या स्वयंसेवकांशी बोलून झाल्यावर पुष्कळांना आत येऊन त्यांना भेटण्याची गरजच उरत नव्हती. स्वयंसेवकांपाशी ना शास्त्र होते ना उपदेश. त्यांच्यापाशी वेळ होता. पुढे तेच काम मुख्य झाले आणि ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून वाढली. आपल्या घरी चहा काही कमी होत नाही. तो होत असताना दुसऱ्याला बोलू देणे तेवढे कमी होते.

ऐकावयाचे म्हणजे काय, हेही थोडे स्पष्ट केले पाहिजे. मित्र बोलता बोलता थांबला तर ती जागा आपल्या बोलण्याने भरू नये. तो रडला तर ‘रडू नकोस’ म्हणू नये. त्याने आपल्याच वडिलांविषयी राग बोलून दाखविला, तर त्याला पितृभक्तीची आठवण करून देऊ नये. आजारी बापाची चाकरी करणाऱ्या मुलाला बापाचा राग येतो आणि तरीही तो चाकरी करीत राहतो, हे ज्याने पाहिले नसेल त्याने संसार पाहिलेला नाही. आणि ऐकलेले पोटात ठेवावे. पोटात ठेवणे म्हणजे ‘कोणाला सांगू नकोस हं’ असे म्हणून पत्नीला सांगणे नव्हे.

आता त्या दोन गृहस्थांकडे वळू. सहा वर्षांनंतर एके दिवशी, भावाने रात्री दार फोडण्याचा प्रयत्न केला त्याच्या दुसऱ्या सकाळी, गाडीत उभ्या उभ्या त्या गृहस्थांच्या तोंडून सारे बाहेर पडले. मित्राने त्यावर काय केले? ‘मला आधी का सांगितले नाहीस’ असे त्याने विचारले नाही. घाटकोपर येईपर्यंत तो काहीच बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, ‘रविवारी मी येतो. तू दुपारी झोप.’ आणि तो आला. सहा वर्षांत ते गृहस्थ दुपारी झोपले नव्हते. पुढे रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात नंबर लावणे, एकाआड एक महिन्याने औषधे आणणे, भावाला घेऊन चौकापर्यंत फिरून येणे ही कामे दोघांनी वाटून घेतली. औषध नियमित होऊ लागल्यावर भावाला बराच उतार पडला. तो आता एका छापखान्यात बांधणीचे काम करतो. मित्राच्या पत्नीला ही हकीकत कळली ती तीन वर्षांनी, आणि तीही त्या भावानेच स्वतः सांगितल्यामुळे. तिने नवऱ्याला विचारले, ‘तुम्ही दर रविवारी कॅरम खेळावयास जात होता ना?’ तो म्हणाला, ‘कॅरमही खेळत होतो.’

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली याचे कारण असे की, घरच्या माणसांची काळजी ही बव्हंशी कामाची काळजी असते, हे आपण विसरतो. तिला आपण भावना समजतो आणि भावनेवर शब्दांचा लेप लावू पाहतो. ज्याच्या आईला विस्मृतीचा आजार जडला आहे, त्याला तत्त्वज्ञान नको असते. आई दार उघडून रस्त्यावर जाईल या भीतीने जी झोप लागत नाही ती एक रात्र पुरती मिळावी, हे हवे असते. ज्याचा भाऊ दारूच्या आहारी गेला आहे त्याला भावाच्या मुलांची शाळेची फी कोणी भरील काय ही चिंता असते. आज आपल्या कितीतरी घरांतील मुले अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात आहेत. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि इकडे पुण्यास वडील दूरध्वनी उचलीत नाहीत. त्या वेळी त्या मुलाला शाळेतील जो मित्र ‘मी आत्ता जाऊन पाहतो’ असे म्हणतो आणि खरोखरच पायांत चपला सरकवितो, त्याची किंमत कोणत्या चलनात करावी?

अशा कामात वसतिगृहांचा वाटा फार मोठा असू शकतो, आणि आपले मंडळ वसतिगृह चालविते म्हणून साने गुरुजींचे स्मरण होणे साहजिक आहे. १९२४ पासून ते अंमळनेरला शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत, आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज लिहीत. ते स्वतः गरिबीमुळे शिक्षणासाठी घरापासून दूर राहिलेले होते. त्यांची आई गेली तेव्हाही ते दूरच होते, अखेरची भेट झाली नाही. घरची काळजी उराशी घेऊन परक्या गावी पुस्तक उघडणे म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. म्हणूनच त्यांच्या छात्रालयात मुलाने ‘घरून पत्र आले नाही’ एवढे म्हटले तरी ते पुरत असेल, असे आम्हांला वाटते. आज पत्राची जागा मोबाइलने घेतली आहे आणि मुलाला घरातील भांडण पत्रासारखे चार दिवसांनी कळत नाही, ते चालू असतानाच ऐकू येते. त्यामुळे भार कमी झालेला नाही, वाढला आहे.

त्याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली, हेही आम्ही झाकून ठेवणार नाही. त्यांच्याभोवती जिवाला जीव देणारे मित्र होते, विद्यार्थी होते, सारा महाराष्ट्र त्यांच्यावर प्रेम करीत होता. तरी ते गेले. यावरून मैत्री व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांला मान्य नाही. परंतु दोन गोष्टी मनाशी धराव्यात. एक, जो इतरांचे अश्रू पुसतो तो स्वतः सुखी आहे असे गृहीत धरू नये. आपल्या प्रत्येक कुटुंबात एक सर्वांना सावरणारा असतो आणि त्याला ‘तू कसा आहेस’ असे विचारावयाचे सर्वांच्याच राहून जाते. दुसरी गोष्ट, ज्यांचा मित्र असा गेला आहे त्यांनी तो दोष जन्मभर आपल्या माथी वाहू नये. प्रेमाने सर्वच आजार बरे होत नाहीत; हृदयाचा आजार जसा होत नाही तसाच हाही.

गुप्ततेविषयी आम्ही इतके बोललो, पण तिला एक अपवाद आहे आणि तो निःसंदिग्ध आहे. मित्राच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, निरवानिरवीची भाषा, आपल्या वस्तू वाटून टाकण्याची घाई दिसू लागली, तर त्याला स्पष्ट विचारावे की, ‘जीव देण्याचे विचार मनात येतात काय?’ असे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल ही समजूत चुकीची आहे. उलट विचारले गेल्याने माणसाला सुटल्यासारखे होते, असे या विषयातील जाणकार सांगतात. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे वचन त्याने मागितले तरी ते देऊ नये. घरच्या एका विश्वासू माणसाला आणि डॉक्टरला त्याच दिवशी कळवावे. मित्र रागावेल. रागावलेला मित्र पुढे समजाविता येतो.

पोलिसांच्या भीतीने कुटुंबे असे प्रसंग दडपीत असत. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला; आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ वे कलमच राहिलेले नाही. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे रात्री-अपरात्री, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक या अंकात ठळक अक्षरांत छापावा अशी संपादक मंडळास विनंती आहे. जाहिरातीची अर्धी चौकट गेली तरी चालेल.

मित्र हा वैद्य नव्हे, हे त्याने स्वतःही ओळखले पाहिजे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत (त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही निराळ्या मातीचे नाही) प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचार मिळालेला नव्हता. या सभागृहात आज तीनशे माणसे असतील; हिशेब ज्याचा त्याने करावा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था आहे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्तीचे काम करीत आहे आणि तेथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार होतो. ज्यांना अशा ठिकाणी पाऊल टाकण्याचा संकोच वाटतो त्यांनी आधी घरी बसून २००४ चा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट पाहावा. भावाच्या आजाराने बहिणीच्या संसारावर कसा ताण येतो ते त्यात आरडाओरडा न करता दाखविले आहे. आणि जो मित्र आधार देतो त्यानेही सारा भार एकट्याने घेऊ नये; दोघातिघांनी वार वाटून घ्यावेत. तिरडीसुद्धा चौघे मिळून उचलतात.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवून आम्ही खाली बसतो. ज्ञातीने एकत्र जमून माणसाला एकटे पाडल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याचा जाच त्यांच्या घरच्या माणसांनाही सोसावा लागला. जमावाचे ते बळ आपण थोडे उलट दिशेने लावून पाहावे. पहिली सूचना वधूवर-सूचीसंबंधी आहे. तिच्या अर्जात ‘कुटुंबात कोणास मानसिक आजार आहे काय’ असा रकाना असावा, असा आग्रह काही मंडळी धरीत आहेत. तो रकाना घालू नये. जे सांगावयाचे ते मुलाने आणि मुलीने एकमेकांना समोरासमोर, लग्न ठरण्यापूर्वी अवश्य सांगावे, आणि ते लपविण्यास आमचा मुळीच पाठिंबा नाही. पण ते छापील सूचीत गावभर वाटण्याची बाब नव्हे.

दुसरी सूचना वसतिगृहाची. येत्या जूनपासून नव्या प्रत्येक मुलामुलीमागे जुन्यांपैकी एक सोबती नेमावा. त्याने पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी त्याच्याबरोबर जेवावे आणि घरी सारे ठीक आहे ना, एवढे विचारावे. यास खर्च किती येईल, असे कोषाध्यक्षांनी आम्हांस सकाळी विचारले. खर्च काही नाही. मात्र भोजनगृहातील टेबले सध्या एका ओळीत भिंतीकडे तोंड करून मांडली आहेत, ती समोरासमोर मांडावी लागतील. सोबती होण्यास तयार असलेल्यांनी आपली नावे भोजनोत्तर कार्यवाहांकडे द्यावीत; वही त्यांच्या हातातच आहे.